रक्त खोटं बोलत नाही म्हणे!

नाही, मला आधी एक सांगा, खोटारडी कोणाला म्हणतात? जी खोटं बोलते तिला ना? मग जी मुळात बोलतच नाही तिला खोटारडी कसं म्हणता येईल हो? मी वर्गात 'हजर' म्हणते तेसुद्धा इतकं हळू, की बाई मला समोर बघून गैरहजर लावतात… आणि मी खोटारडी! का? तर माझं रक्त तसं म्हणतंय! मी नाही काही म्हटलं, रक्तानं म्हटलं! आणि आमचे बाबा दारात उभं राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगतायत, "माणूस बोलेल खोटं, रक्त खोटं बोलत नाय!"

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीपण त्यांच्यासारखा मध्येच निकाल द्याल.

मी मृणाली. नववी ब. राहायला रोह्यात. बाबा धाटावला एका कंपनीत ऑपरेटर. म्हणजे काय, तर केमिकलच्या टाकीपाशी उभं राहायचं, दर तासाला बाटलीत सॅम्पल घ्यायचं, लॅबला पाठवायचं, आणि लॅब म्हणाली पास तर पास, फेल तर अख्खी बॅच फेल. इतकी वर्षं हेच केल्यावर माणसाचं काय होणार? घरीसुद्धा तेच! आईनं आमटी केली की आधी चमचाभर बशीत घेऊन उजेडाकडे धरतात. तोंडात नाही घालत, उजेडाकडे धरतात! "जरा पातळ हाय." आई म्हणते, "मग वरच्या साहेबांना कळवा." अशा घरात माझा घास अडकायला लागला…

घास अडकायचा म्हणजे गिळला की मध्येच थांबायचा. छातीच्या हाडामागे. खाली जात नाही, वर येत नाही, एसटी घाटात बंद पडावी तसा. पहिल्यांदा चपाती, मग मटण, मग काहीही. सगळे म्हणायचे, "चावून खा." अहो, चावून किती चावायचं? माझा पहिला घास संपेपर्यंत बाकीच्यांचे हात धुऊन व्हायचे! आणि एकदा पेणच्या पलीकडे जिते गावाला, सगुणाआत्याच्या मुलीच्या हळदीला बसले, वडा तोंडात घातला, आणि तो जो अडकला… लाळसुद्धा खाली जाईना. चार बायका पाठीत गुद्दे घालतायत, एक म्हणते पाणी द्या, दुसरी म्हणते पाणी नको केळं द्या, तिसरी म्हणते नजर लागलीय गो तिला, आणि बाहेर बँडवाल्याला कुणीच थांबायला सांगत नाही! त्या दिवशी तो वडा मुंबईला नेऊन काढावा लागला. तोंडातून नळी घालून. तिच्या टोकाला दिवा असतो. मला वाटलं, बघायचंच होतं तर खिडकी तरी ठेवायची होती माणसाला.

तर मुंबईच्या डॉक्टरांनी नळीतून जरासा तुकडा काढून तपासला आणि म्हणाले, आजार नवीनच आहे, आपल्याकडे फारसा कुणी बघितलेला नाही. आपल्या रक्तात इओसिनोफिल नावाच्या पेशी असतात, थोड्या. शरीराला एखादी गोष्ट सोसत नसली की त्या वाढतात. माझ्या त्या नुसत्या वाढल्या नव्हत्या, माझ्या अन्ननलिकेत जाऊन ठाण मांडून बसल्या होत्या. म्हणून नळी सुजलेली, म्हणून घास अडकतो. पुढचं बघायला त्यांनी पेणच्या डॉक्टर खांबेट्यांकडे पाठवलं. हे मुंबईत शिकवतात आणि शनिवारी पेणला बसतात. उंच, शांत, आणि इतके शाकाहारी की त्यांच्या दवाखान्यात कुणी 'अंडं' म्हटलं तरी ते 'अं… ते' म्हणतात.

डॉक्टर खांबेटे म्हणाले, "सोसत काय नाही ते आपल्याला ठाऊक नाही, म्हणून संशयित सगळेच आत टाकायचे. दूध बंद."

आईनं मान हलवली.

"गहू बंद. शेंगदाणे बंद. सोयाबीन बंद. ते… अं… ते बंद."

आईनं मान हलवली.

"आणि मासे बंद."

आईची मान थांबली. बाबांची मान थांबली. बाहेरच्या बाकावरच्या पेशंटची पण थांबली असणार! खाडीवरच्या माणसाच्या घरात मासे बंद? बाबा पुढे सरकून बसले. "म्हणजे कोलंबी चालंल."

"नाही."

"जवळा?"

"नाही."

"डॉक्टर, सुकट! सुकट म्हणजे काय मासा नाय, ते नुसतं…"

"नाही."

"बरं, मासा बाजूला काढून नुसता रस्सा?"

"काळुरामभाऊ," डॉक्टर म्हणाले, "मासा ज्याला शिवला तेसुद्धा नाही."

मग ते म्हणाले, "दर महिन्याला काही हिला नळी घालता येणार नाही. म्हणून रक्त तपासायचं. रक्तातल्या या पेशी कमी झाल्या, तर अन्ननलिकेतही कमी होत असतील असा अंदाज करायचा. अंदाज हं, खात्री नव्हे. या पेशी सर्दीनं वाढतात, दम्यानं वाढतात, जंतांनीसुद्धा वाढतात." आणि आम्हा सगळ्यांना जंतांची गोळी दिली, बाबांनापण.

आता हे मी ऐकलं. आईनं ऐकलं. बाबांनी काय ऐकलं? बाबांनी फक्त 'रक्त तपासायचं' एवढंच ऐकलं! 'अंदाज' हा शब्द त्यांच्या कानापर्यंत आला आणि परत गेला. घरी येताना गाडीत शेजारच्या माणसाला सांगतायत, "दर महिन्याला सॅम्पल. आता कळंल पोरगी काय खाते ती. रक्त खोटं बोलत नाय!"

मी तेव्हापासून बॅच झाले.

आमच्या शेजारी मिरियममावशी राहते. आडनाव पेणकर, राहते रोह्यात, मुलं इस्रायलला, आणि नवऱ्याशी म्हणजे इझिकेलकाकांशी भांडते अस्सल इथलं. त्यांच्या ज्यू धर्मात दुधाची भांडी वेगळी, मटणाची वेगळी. माझं पथ्य ऐकून आई कपाळाला हात लावून बसली तर मावशी हसायलाच लागली. "आगो, एवढंच? मी जन्मभर हेच करत आले. हिचा तवा वेगळा, पळी वेगळी, पातेलं वेगळं. लाल दोरा बांध सगळ्याला." आईनं बांधला. पळीला दोरा, डावाला दोरा, माझ्या ताटाला भोक नव्हतं तर खाली रंग लावला. घरात पाहुणी आली की विचारायची, "कसलं व्रत धरलंय गो?"

आणि पहिल्या महिन्यात रक्तातल्या त्या पेशींचा आकडा चौदा टक्क्यांवरून नऊवर आला! घास सरळ खाली! बाबांनी सगळ्या आळीत पेढे वाटले. माझ्या रक्ताचे पेढे. मला? मला कसा मिळणार, दूध बंद! मी पेढ्यांचा बॉक्स धरून बाबांच्या मागून फिरत होते.

ही बातमी जित्याला गेली आणि दुसऱ्या आठवड्यात सगुणाआत्या आली.

आता सगुणाआत्या म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. बाबांची मोठी बहीण. सारा जन्म मिठागरावर गेला. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढायचं. तिच्या टाचांच्या भेगांत नाणं उभं राहील, आणि माझ्यावर इतकी माया की मला बघितलं की आधी रडते मग बोलते. आली, माझं ताट बघितलं. पांढरा भात, दुधीची भाजी, तांदळाची भाकरी. रडली. "आगो माझे बाय, हे काय जेवान हाय? आजाऱ्याच्या तोंडाला चव नको व्हय?" आणि पिशवीतून बरणी काढली. जाडं, मळकट, खडे खडे मीठ. "पुडीतल्या मिठात काय नसतं. हे घाल वयनी, आपल्या घरचं हाय. पन फक्त पोरीच्या जेवनात हां. बाकीच्यांना नको, थोडंच हाय." आईनं बरणीला पण लाल दोरा बांधला. मिठात काय पथ्य असणार? मीठ ते मीठ!

तुम्हाला सांगते, दुसऱ्या दिवसापासून माझ्या जेवणाला अशी चव आली… अशी चव, की मीच चकित! दुधी हो! दुधीला कधी चव असते? पण भाकरीबरोबर दुधी खाल्ली की वाटायचं अजून एक भाकरी घ्यावी. आई म्हणाली, "खाडीचं मीठ ते खाडीचं मीठ." आणि बाबा? शिफ्टवरून यायचे, स्वतःच्या ताटात तळलेली मांदेली असायची, आणि डोळा माझ्या ताटावर! "काय गो, तुझी ती दुधी दे जरा." मग रोजच. मग आईनं दोन दुधी केल्या तरी पुरेनात. ज्या घरात दुधी आणली की माणसं उपाशी राहायची, त्या घरात दुधीवरून भांडणं!

आणि महिन्याच्या शेवटी रक्त तपासलं. पेणच्या लॅबमध्ये जनूभाऊ रक्त काढतात. चांगला माणूस, पण शीर काही लवकर सापडत नाही. एका हातावर टोचतात, म्हणतात, "नाय गो." दुसऱ्या हातावर टोचतात, म्हणतात, "आहे आहे, पळू नकोस." मी कुठे पळतेय? पळतेय ती शीर!

आकडा आला सतरा.

चौदावरून नऊ, आणि नऊवरून सतरा! बाबांनी रिपोर्ट उजेडाकडे धरला. उलटा करून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. "काय खाल्लंस?"

"काही नाही."

"काय खाल्लंस, मृणाली?"

"काही नाही, बाबा."

"बॅच फेल!" बाबा म्हणाले. "रक्त खोटं बोलत नाय!"

आणि मग जी चौकशी सुरू झाली… आईनं शाळेत येऊन माझ्या मैत्रिणीला, किमयाला, मधल्या सुट्टीत कोपऱ्यात घेतलं. "डबा बदलता का गो? खरं सांग, मी ओरडणार नाय." किमया घाबरून म्हणाली, "काकू, तिचा डबा दुधीचा असतो, कोण बदलणार?" शाळेच्या फाटकावरच्या वडेवाल्याला ताकीद गेली. बाबा रोज संध्याकाळी माझं तोंड उघडायला लावून वास घ्यायचे! हात हुंगायचे! मोठी झाले हो मी, नववीत गेले, आणि शेजारची शकू खिडकीतून बघतेय की हिचे बाबा हिच्या बोटांचा वास घेतायत. स्टँडवर कुणी ओळखीचं भेटलं की, "काय गो, चोरून बोंबील खातेस म्हणे?" म्हणे! कोण म्हणे? रक्त म्हणे!

पुढच्या महिन्यात सोळा. आणि घास परत अडकायला लागला. भाताचा. भाताचा, कळलं का? मी रात्री कुणाला न सांगता मोरीपाशी उभं राहून तो खाली जायची वाट बघत होते… हे मी हसत सांगतेय, तेव्हा नव्हते हसत.

डॉक्टर खांबेट्यांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. "पुढच्या महिन्यातही असंच असेल, तर या पथ्याचा उपयोग नाही असं धरू. परत मुंबई, परत नळी. अन्ननलिका आवळत चालली असेल तर आत फुगा घालून रुंद करावी लागेल. आणि गोळ्या सुरू. त्यांनी चेहरा सुजतो, पण इलाज नाही."

फुगा! वाढदिवसाला लावतात तो मला ठाऊक होता…

मग डॉक्टर पुढे वाकून अगदी हळू म्हणाले, "मृणाली, मी रागावणार नाही. खातेस का काही?"

मी म्हटलं, "नाही." पण ते माझं 'नाही', तुम्हाला माहितीच आहे, टेबलफॅनला ऐकू गेलं आणि तिथेच संपलं. डॉक्टरांनी उसासा टाकला. बाबांनी मान खाली घातली. आणि तुम्हाला सांगते, फुगा चालला असता, सुजलेला चेहरा चालला असता, पण ती खाली गेलेली मान… त्या मानेसाठी मी ठरवलं. बस. मला बोलता येत नाही ना? नको येऊ दे. मला बघता येतं! मी आयुष्यभर कोपऱ्यात बसून काय केलंय? बघितलंय! मीच शोधून काढणार. रक्त खोटं बोलत नाही ना? मीही बोलत नाही. म्हणजे तिसरं कुणीतरी घरात आहे!

मग मी बघायला लागले. तांदूळ कुठून येतो, तेल कुठलं, आई पळी कुठली घेते. आईची पळी कधी चुकली नाही. तांदूळ तोच, तेल तेच. सगळं तेच, मग माझाच आकडा का वाढतोय?

एका शुक्रवारी मिरियममावशीकडे बसले होते. ती मटण करत होती. आधी पाण्यात भिजवलं, मग फळी तिरकी ठेवून त्यावर मटण मांडलं आणि जाडं मीठ चोळलं. थोड्या वेळानं ते सगळं मीठ खळखळून धुतलं. एकदा, परत, परत. सगळं मोरीत.

मी म्हटलं, "मावशी, एवढं मीठ फेकून दिलंस?"

"मग? रक्त ओढलंय ना त्यानं. मीठ सगळं ओढून घेतं गो. ते परत वापरतात होय?"

इझिकेलकाका पेपरातून म्हणाले, "ही मिठाला एवढी जपते, नवऱ्याला नाही."

"नवरा धुऊन निघत नाही!" मावशी म्हणाली.

ते दोघं भांडत बसले, आणि मी? मी तिथेच गार पडले. मीठ सगळं ओढून घेतं… ते परत वापरत नाहीत… पण आमची सगुणाआत्या? आमच्या घराण्यात मीठ फेकत नाहीत हो! मिठागराची माणसं आम्ही! लहानपणी माझ्या हातून चिमूटभर मीठ सांडलं तर आत्यानं मला जमिनीवर बसवून एक एक खडा वेचायला लावला होता. "आज बोटांनी वेच, नायतर मेल्यावर देव पापन्यांनी वेचायला लावंल!" मी त्या रात्री पापण्या मोजत झोपले होते. तर ही बाई, जी दरवर्षी पावसाळ्यासाठी मडक्यात मासे खारवते, एक थर मासे, एक थर मीठ, ही बाई मासे संपल्यावर खाली उरलेल्या मिठाचं काय करत असेल?

आणि दुधीला चव कशी आली? आणि बाबांना, मांदेली सोडून, माझीच भाजी का लागते?

आता तुम्ही म्हणाल, जाऊन सांगायचं. कोणाला? बाबांना? "चोरून खाते आणि वर आत्याच्या मिठावर ढकलते!" नाही. आधी पुरावा. मी मिरियममावशीकडून तिचं जाडं मीठ मागून आणलं. दिसायला तसंच. आत्याच्या बरणीतलं काढून डब्यात भरून माळ्यावर ठेवलं, बरणीत हे भरलं, लाल दोरा होता तसा बांधला. आईलासुद्धा सांगितलं नाही.

त्याच रात्री बाबा शिफ्टवरून आले, माझ्या ताटात हात घातला, दुधी तोंडात टाकली, आणि थांबले. परत एक घास घेतला. "काय गो… आज चव नाय दुधीला."

काय सांगू तुम्हाला! अहो, मला नाचावंसं वाटलं! चव नाही! दुधीला दुधीची चव! मी इतकी आनंदानं ती बेचव भाजी खायला लागले की आईनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

महिना गेला. जनूभाऊंना पहिल्याच टोचणीत शीर सापडली, हाच मला शकुन वाटला. आणि आकडा आला… सहा! घास सरळ खाली, भाताचा काय, भाकरीचा पण! मी डॉक्टरांच्या टेबलासमोर बसून, आयुष्यात पहिल्यांदा, मान वर करून बाबांकडे बघितलं. आता म्हणतील, माझी पोर खरं बोलत होती.

बाबा काय म्हणाले?

"बघा डॉक्टर! म्हणजे इतके दिवस चोरून खात होती! आता सोडलंन, तर लगेच खाली आला. रक्त खोटं बोलत नाय!"

आँ? आकडा चढला तरी मी खोटारडी, उतरला तरी मीच खोटारडी? वर गेला तर गुन्हा, खाली आला तर कबुली? मग माणसानं जायचं कुठे? माझ्या आत काहीतरी असं उकळलं… घास नव्हता तो, पण वर आलं आणि पहिल्यांदाच न अडकता बाहेर आलं.

"बाबा! तुम्ही बॅच तपासलीत, पण कच्चा माल तपासलात का?"

केवढ्यानं ओरडले माहितीय? लॅबमधून जनूभाऊंनी डोकं बाहेर काढलं. बाकावरची एक म्हातारी औषधाची बाटली हातात घेऊन उठून उभी राहिली. टेबलफॅन होता तो तसाच फिरत होता, पण या वेळी त्याच्या पुढे गेला आवाज! मी म्हटलं, "आत येणारा माल कुणी बघितला? बरणीतलं मीठ कधी आलं? आणि आकडा कधी चढला? आणि माझ्या भाजीची चव गेली तो दिवस तुम्हीच सांगितलात ना? त्या दिवसापासून मी मीठ बदललंय!"

बाबांनी टेबलावरचा रिपोर्ट उचलून परत उजेडाकडे धरला. ऑपरेटर माणूस, त्याला बाकी काही पटलं नसतं, पण 'कच्चा माल' बरोबर लागला. डॉक्टर मात्र खुर्चीत सरळ बसले. "मीठ?" म्हणाले. "मला कधी मीठ सुचलंच नाही."

रविवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं जित्याला. आत्या दारातच. मला बघून आधी रडली. मी म्हटलं, आत्या, ते मीठ कुठून दिलंस?

लपवलंन नाही हो काही! अभिमानानं घेऊन गेली. पडवीतलं मडकं दाखवलं. "हे बघ. बांगडे आनि सुरमई खारवलेली. मासं संपलं की खालचं मीठ जपून ठेवते मी. ह्याला काय चव हाय, वाटेल तो पैसा दिला तरी बाजारात मिळनार नाय! सुनेला पन देत नाय. फक्त माझ्या मृनालीसाठी."

बाबा म्हणाले, "आगो सगुनाबाय, मासं बंद हाय ना तिला!"

"मासं कुठं दिलं मी?" आत्या कमरेवर हात ठेवून उभी. "मासं तर आमी खाल्लं! मी मीठ दिलं!"

"मासा शिवलेलं पन नको, म्हनला डॉक्टर!"

"आरं, सगळं जग माशाला शिवलेलं हाय! खाडी शिवलेली हाय! मग काय पोरीला आभाळात ठेवनार?" आणि मग तिला हळूहळू कळलं. माझा घास, फुगा, ते सगळं. खाली बसली. यावेळी मात्र रडली नाही. मडक्याला हात लावून म्हणाली, "पन आता ह्या मिठाचं काय करू गो? फेकायचं कसं?"

परतीच्या गाडीत बाबा खिडकीबाहेर बघत होते. पेण गेलं, कासू गेलं, तेव्हा म्हणाले, "सॅम्पल खोटं नव्हतं." मी म्हटलं, "नव्हतं." मग म्हणाले, "ड्रम कुनी धुतला नव्हता, ते सॅम्पल सांगत नाय." एवढंच. पण त्या रात्री त्यांनी माझ्या ताटातली दुधी घेतली, मिरियममावशीच्या मिठाची, बेचव, आणि शेवटपर्यंत चावून खाऊन म्हणाले, "झक्कास झालीय." तुम्हाला सांगते, यापेक्षा मोठी माफी आमच्या बाबांनी आजवर कुणाची मागितलेली नाही.

इथे संपायला हवं होतं ना? माझी पण तीच इच्छा होती.

पुढच्या महिन्यात पेणला गेलो तर दवाखान्यात आत्या आधीच येऊन बसलेली. डॉक्टरांची माफी मागायला म्हणे. नवं लुगडं, डोक्यात फूल, आणि मांडीवर एक पिशवी. मी पिशवी बघितली. मग मला वास आला. कितीतरी दिवस तोच वास खाल्लाय मी, मला नाही कळणार? मी आत्याकडे बघितलं. आत्यानं छताकडे बघितलं.

आत गेलो. माझा आकडा पाच. डॉक्टर खूश. आत्यानं हात जोडले आणि पिशवी टेबलावर! "डॉक्टरसाहेब, गरिबाची भेट. घरचं मीठ हाय. वरनात घाला."

डॉक्टरांनी पिशवी उघडली. हुंगली. त्यांच्या कपाळाला जराशी आठी पडली. "हे… त्या मडक्यातलं नाही ना, बाई?"

आत्या परत छताकडे बघायला लागली. बाबा तर टेबलफॅन कुठल्या कंपनीचा आहे ते वाचायला लागले.

आणि डॉक्टर हसून म्हणाले, "तुम्ही नका सांगू. मृणाली सांगेल. या घरात खरं बोलणारी एक तीच आहे, मी मात्र वेळेवर ऐकलं नाही. सांग मृणाली, हे त्यातलं आहे का?"

किती दिवस मी या एका वाक्याची वाट बघितली होती! आणि ते आलं कधी? तर आत्या माझ्या शेजारी उभी, भेगाळलेले हात अजून जोडलेले, बाहेर सगळा बाक कान लावून… सांगा, तुम्ही काय केलं असतं?

मी मान वर केली आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हटलं, "नाही डॉक्टर. हे नवीन वाफ्यातलं आहे."

आयुष्यातलं पहिलं खोटं! आणि कसलं काय, पहिल्याच फटक्यात सगळ्यांचा विश्वास! आठी गेली, पिशवी आत गेली!

मला रात्रभर झोप नाही. म्हटलं, हे बरोबर नाही, असा देवमाणूस. पुढच्या खेपेला मी स्वतः आत्याकडून खरंच वाफ्यातलं, स्वच्छ, पांढरं, मासा न बघितलेलं मीठ घेऊन गेले. म्हटलं, हे वापरा, आधीचं टाकून द्या. डॉक्टरांनी चाखून बघितलं आणि म्हणाले, "बरं आहे हो, पण मागच्यासारखं नाही. आमच्या घरी दुधी कुणी शिवत नव्हतं, आता दोनदा वाढून घेतात. आत्याला सांग, तेच पाठवा."

आता दर महिन्याला आत्या पाठवते, मी नेऊन देते, ते माझं रक्त तपासतात आणि म्हणतात, शाबास. रक्त खोटं बोलत नाही, हे अगदी खरं… पण डॉक्टरांचं रक्त कोण तपासतंय!